साठ दिवसांतले एकेचाळीस: सांगलीतल्या एका थकलेल्या गृहकर्जाचं प्रकरण

हे प्रकरण सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतलं आहे. कर्जदाराला इथं ‘दादा’ म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला ‘ताई’. कर्जावर दोघांचीही सही होती. बँकेचं नाव आणि कॉलनी सांगत नाही, ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत. मी स्वतः एका बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालोय. ज्या नोटिसा आयुष्यभर काढल्या, त्या आता लोक माझ्याकडे वाचायला आणतात.

पार्श्वभूमी

दादा ४६ वर्षांचे. कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून जॉबवर्क करायचे. ताई घरीच ब्लाउज शिवतात आणि फॉल-पिको करतात. मुलगा डिप्लोमाला, आई औषधांवर. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी तळमजला आणि वर दोन खोल्या असं घर साडेतीस लाखांना घेतलं. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीविना गुंठ्यागुंठ्यांनी पाडलेला, पण २००१ च्या कायद्याखाली नियमित झालेला. सांगलीत घर बघायला येणारा माणूस आधी विचारतो, “२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलतं?” त्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. या कॉलनीत पाणी आलं नव्हतं, आणि घराला पुढं जी किंमत मिळाली ती मुख्यतः त्यामुळंच.

कर्ज २४ लाखांचं, २० वर्षांचं, बदलत्या व्याजदराचं. सुरुवातीचा दर ८.७५ टक्के, हप्ता २१,२०९ रुपये. दोन वर्षं हप्ते वेळेवर गेले आणि मुद्दल तेवीस लाखांपर्यंत उतरलं. मग कोविड आला. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांची हप्तेसवलत दादांनी घेतली. ती व्याजमाफी नव्हती, व्याज मुद्दलात चढत राहिलं. सप्टेंबरात बाकी पुन्हा २३ लाख ९७ हजारांच्या आसपास होती. अडीच वर्षं घर चालवून माणूस जिथून निघाला तिथंच येऊन उभा राहिला. पुढं मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना कर्ज देते) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तसा यांचा दरही नऊ टक्क्यांवर आला. बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, त्यामुळं घरात कुणाला काही जाणवलं नाही.

अडचण

जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या गिऱ्हाइकानं स्वतःच सीएनसी मशीन घेतलं आणि दादांचं निम्मं काम गेलं. मार्चमध्ये त्यांनी पतसंस्थेतून तीन लाख काढले. व्याज १४ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता १०,२५० रुपये, जामीनदार दोन: एक मेहुणा आणि एक मित्र. त्यातून शेडचं थकलेलं भाडं दिलं आणि घराचे तीन हप्ते भरले. नऊ टक्क्यांचं कर्ज फेडायला चौदा टक्क्यांचं काढणं हा हिशेब कागदावर कुणीच मांडत नाही. घरोघरी मात्र तो रोज होतो.

५ जुलैचा हप्ता चुकला. ऑगस्टमध्ये दादांनी दहा हजार भरले. ‘काहीतरी भरत राहिलं की खातं चालू राहतं’ अशी त्यांची समजूत होती. तसं होत नाही. सगळ्यात जुनी थकबाकी जोवर पूर्ण फिटत नाही, तोवर दिवस मोजले जातात. पहिल्या तीस दिवसांत खातं एसएमए-० या धोक्याच्या पहिल्या पायरीवर जातं, साठपर्यंत एसएमए-१ मध्ये, नव्वदपर्यंत एसएमए-२ मध्ये, आणि नव्वद ओलांडले की ते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, अनुत्पादक कर्ज. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हे खातं एनपीए झालं.

या काळात पतसंस्थेचा हप्ता एकदाही चुकला नव्हता. मी कारण विचारलं. दादा म्हणाले, “पतसंस्थेचा सेक्रेटरी आमच्याच गल्लीत राहतोय. आणि हप्ता चुकला की मेव्हण्याला फोन जातोय ओ. बँकेचा फोन काय, उचलला नाही की झालं.” माणूस आधी भरतो ते जवळच्या वसुलीचं. धोक्याची कुठली, हे तो बघत नाही. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढावा लागतो. बँकेला मात्र २००२ च्या सरफेसी कायद्यामुळं कोर्टात न जाता घराचा ताबा घेता येतो. लोक या दोन्हीत फरक करत नाहीत. सहकारी बँकेचं घरकर्ज असलं तरी सुटका नाही. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो असा निर्णय दिला.

आणखी एक गोष्ट दादांनी बऱ्याच उशिरा सांगितली. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, सभांमधून कर्जमाफीची भाषणं चालली होती, आणि ते मनातून वाट बघत होते. २०१७ आणि २०१९ च्या माफ्या शेतीकर्जाच्या होत्या. घराच्या कर्जाला तशी माफी मिळालेली नाही. सरकारी योजनेची आशा धरून माझ्याकडे आलेले ते पहिले नव्हते.

बँकेनं १८ नोव्हेंबर २०२४ तारखेची सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस काढली: साठ दिवसांत २२ लाख १२ हजार रुपये भरा. २५ तारखेला रजिस्टर पोस्टानं दोन पाकिटं आली, एक दादांच्या नावाचं, एक ताईंच्या. दोन्ही दादांनीच घेतली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवली. २९ डिसेंबरच्या रविवारी ताई पीयूसीचा कागद शोधत होत्या, तेव्हा त्यांना ती सापडली. नोटिशीच्या तारखेपासून तो एकेचाळिसावा दिवस होता. त्याच संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले. दादा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ताई बोलत नव्हत्या, पण पिशवीतून त्यांनी शिवणकामाच्या हिशेबाची वही काढून ठेवली होती.

समोर असलेले मार्ग

२२ लाखांचा आकडा बघून माणसाचे हातपाय गळतात. पण त्या दिवशी प्रत्यक्षात थकलेले सहा हप्ते आणि आकार मिळून रक्कम होती सव्वा लाखाच्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या खुलाशानुसार एनपीए खातं पुन्हा नियमित व्हायचं तर मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते, एखाददुसरा हप्ता भरून भागत नाही. पण ‘सगळी थकबाकी’ म्हणजे सगळं कर्ज नव्हे. कर्ज एकदा परत मागितल्यावर फक्त थकबाकी घेऊन थांबायचं का, हे बँक ठरवते. तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

खरा प्रश्न पुढच्या महिन्याचा होता. ताईंच्या वहीतले आकडे असे: दादा आता दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, पगार २१,०००. शिवणकामाचे सरासरी ९,०००. घरखर्च, मुलाचं शिक्षण आणि आईची औषधं मिळून १६,५००. उरले १३,५००. त्यातून पतसंस्थेचे १०,२५० गेले की हातात सव्वातीन हजार, आणि घराचा हप्ता एकवीस हजारांचा. कुठूनतरी सव्वा लाख आणून खातं नियमित केलं असतं, तरी तीन महिन्यांत ते परत त्याच जागी आलं असतं.

मुदत वाढवून हप्ता कमी करणं, म्हणजे पुनर्रचना, हा सगळ्यांच्या तोंडी असलेला उपाय. त्याचा हिशेब मी त्यांच्यासमोरच मांडला. २२ लाख १० हजार, नऊ टक्के, नव्यानं २० वर्षं: हप्ता १९,८८४. म्हणजे महिन्याला तेराशे रुपये वाचतात. २५ वर्षं केली तर साडेअठरा हजार, पण तेव्हा दादा ७१ वर्षांचे असतील आणि बँक तेवढी मुदत देणार नाही. नऊ टक्क्यांच्या आसपास लांब मुदतीच्या कर्जात हप्त्याचा मोठा भाग व्याजाचाच असतो, त्यामुळं मुदत ताणून हप्ता फारसा उतरत नाही. वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या तर सहा हजार आले असते. पतसंस्थेचं कर्ज कसंबसं मिटवलं असं धरलं, तर साडेतेरा आणि सहा मिळून साडेएकोणीस हजार. हप्ता जवळजवळ वीस. चारशे रुपयांनी गणित चुकत होतं. या चारशे रुपयांनी पुढं आमचे दोन आठवडे खाल्ले, त्याबद्दल नंतर.

दुसऱ्या संस्थेकडं कर्ज फिरवून घ्यायचं? एक एजंट दोन टक्के कमिशनवर ‘करून देतो’ म्हणत होता. एनपीए झालेलं खातं घेणारी संस्था साडेतेरा टक्के लावणार होती, त्या दरानं हप्ता पडतो २६,७०० च्या आसपास. त्या एजंटाचा नंबर ताईंनी माझ्यासमोरच काढून टाकला.

ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड, दादांना फार आकर्षक वाटत होती. मित्राच्या मित्राला ‘निम्म्यात सोडलं’ असं त्यांनी ऐकलं होतं. तारण कर्जापेक्षा कमी किमतीचं असेल, किंवा विकायला अवघड असेल, तेव्हा बँक सूट देते. इथं घर पस्तीस ते अडतीस लाखांचं आणि कर्ज बावीस लाखांचं होतं, बँक एक रुपया का सोडेल? शिवाय तडजोडीत फिटलेलं कर्ज सिबिलच्या कर्जनोंदीत ‘सेटल्ड’ म्हणून राहतं.

एका वकिलानं साठ हजारांत ‘स्टे आणतो’ असं सांगितलं होतं. या कायद्यातल्या कारवाईविरुद्ध दिवाणी कोर्टात दावा चालत नाही, कलम ३४ नं तो रस्ता बंद केलाय. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणात, सांगलीकरांसाठी पुण्याला, आणि तीही १३(२) च्या नोटिशीविरुद्ध नाही. बँक १३(४) खाली ताब्यासारखं पाऊल उचलते तेव्हापासून ४५ दिवसांत. बँकेनं प्रक्रियेत खरंच चूक केली असेल तर हा मार्ग मोलाचा आहे. इथं नोटीस दोघांना वेगवेगळी पोचली होती, आकडे जवळपास बरोबर होते. नुसतं लांबवण्यासाठी साठ हजार घालायचे, तर ते हप्त्यातच गेलेले बरे.

उरला घर विकण्याचा मार्ग. दादांनी तो शब्द ऐकूनच मान फिरवली. “लोकांना काय सांगायचं ओ? पोराचं लग्न कुठल्या घरातून करायचं?” घर विकणं म्हणजे हरणं, आणि लिलाव म्हणजे निदान बँकेनं केलेला अन्याय, असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं. मी बँकेत असताना हे पुष्कळ बघितलंय. कर्जदार स्वतः विकायला तयार होत नाही आणि बँकेनं कमी किमतीत विकलं की हळहळतो. ताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथं: “विकलं तर हातात काय राहील, एवढं सांगा.” बँक आणि पतसंस्था दोन्ही मिटवून आठ ते दहा लाख, असा माझा अंदाज होता. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

गावाकडची सामायिक शेतजमीन विकायचा विषयही निघाला. सातबारा भावांच्या नावावर एकत्र, वाटणी झालेली नाही, आईचा विरोध. एकोणीस दिवसांत तिथं काही होणं शक्य नव्हतं.

काय केलं

१ जानेवारी २०२५ ला आम्ही तिघं शाखेत गेलो. ३ तारखेला कलम १३(३अ) खाली लेखी निवेदन दिलं. अशा निवेदनाला बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. त्यात कर्ज नाकारलं नाही. चार गोष्टी मागितल्या: दंडाच्या रकमेचा तपशील, २० वर्षांची पुनर्रचना, वरच्या खोल्या भाड्यानं द्यायला परवानगी, आणि ते जमत नसेल तर घर स्वतः विकायला परवानगी. १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही आणि भाड्यानंही देता येत नाही. कलम १३(१३) चं हे बंधन बहुतेकांना ठाऊकच नसतं. दादांनी डिसेंबरातच एका नर्सिंगच्या मुलीकडून खोलीचं डिपॉझिट घ्यायचं ठरवलं होतं. घेतलं असतं तर बँकेसमोर आमची बाजू पहिल्याच दिवशी पडली असती.

१५ जानेवारीला उत्तर आलं. दंडात्मक आकारावर व्याज चढवलं होतं, ते ७,४०० रुपये कमी केले. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज लावता येत नाही, आणि जुन्या कर्जांनाही हा नियम २०२४ च्या जूनअखेरपर्यंत लागू करायचा होता. पुनर्रचना नाकारली, कारण उत्पन्नातून हप्ता भागत नाही. भाड्याला नकार. विक्रीला परवानगी, अट एवढीच की पैसे थेट कर्जखात्यात आले पाहिजेत. पण कारवाई थांबणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं.

घर बाजारात आलं ते १७ जानेवारीला, म्हणजे साठावा दिवस संपला त्याच दिवशी.

पहिलं गिऱ्हाईक आठवड्यात आलं. ३७ लाख, पण पंचवीस ‘पांढऱ्यात’, बारा रोख. दादांचा चेहरा उजळला. मी नको म्हणालो. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि घेणारे आपण. दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

१० फेब्रुवारीला बँकेनं प्रतीकात्मक ताबा घेतला. कुणी घराबाहेर काढलं नाही, कुलूप लावलं नाही. गेटवर एक कागद चिकटवला आणि आठवड्याच्या आत दोन वर्तमानपत्रांत नावासह जाहिरात दिली. नियमच तसा आहे, आणि त्यातलं एक पत्र मराठी असतं. कॉलनीनं ती वाचली. ताईंकडं शिवायला येणाऱ्या बायकांनी आठवडाभर विषय काढला नाही, हे त्यांना विचारण्यापेक्षा जास्त लागलं. व्यवहाराच्या दृष्टीनं मोठं नुकसान असं झालं की ३७ लाखांवर बोलणारं दुसरं गिऱ्हाईक ३४ वर आलं. गेटवर बँकेचा कागद दिसला की समोरच्याला कळतं की विकणाऱ्याला घाई आहे.

तिसरं गिऱ्हाईक मिरजेतलं, नवराबायको दोघंही नोकरदार, स्वतः कर्ज काढून घेणारे. सौदा ३५ लाखांवर ठरला, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक लाख विसार आला. अशा घराचे मूळ कागद एका बँकेत अडकलेले असतात आणि कर्ज दुसरी बँक देणार असते. दोन्हीकडची माणसं ‘आधी तुम्ही’ म्हणत बसतात. मार्ग ठरलेलाच असतो, फक्त कुणीतरी कागद घेऊन दोन्हीकडं फिरावं लागतं. आपल्या बँकेकडून दोन पत्रं घ्यायची: अमुक तारखेला खातं बंद करायला इतके रुपये, आणि आमच्याकडं असलेल्या मूळ कागदांची यादी. घेणाऱ्याची बँक त्या पत्रावर रक्कम थेट कर्जखात्यात भरते आणि मूळ कागद परस्पर तिच्याकडं जातात.

खरी अडचण दुसरीच निघाली. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलानं गुंठेवारी नियमितीकरणाच्या प्रमाणपत्राची अस्सल प्रत मागितली. आपल्या बँकेच्या यादीत फक्त झेरॉक्स होती, अस्सल प्रत आधीच्या मालकानं दिलीच नव्हती. महापालिकेतून साक्षांकित प्रत काढायला बारा दिवस गेले. त्यातले सहा फाइल सापडण्यात.

तेवढ्यात २१ एप्रिलला बँकेचं पत्र आलं: मूल्यांकन झालं, राखीव किंमत (लिलावातली कमीत कमी किंमत) २९ लाख ७५ हजार, लिलावाची जाहिरात मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. ही तारीख आमच्यासाठी शेवटची होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे सगळी बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. बाफना मोटर्सच्या प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो अर्थ पक्का केला. ‘बोली लागेपर्यंत पैसे भरता येतात’ असं सांगणारे अजून भेटतात. ती जुनी गोष्ट झाली.

१६ मे २०२५ ला, शुक्रवारी, दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत झालं. दुपारी साडेतीनला कर्जखात्यात २३ लाख ४६ हजार जमा झाले. नोव्हेंबरच्या आकड्यापेक्षा जास्तीचे एक लाख ३४ हजार म्हणजे सहा महिन्यांचं व्याज, जाहिरात आणि मूल्यांकनाचा खर्च.

शेवटी काय झालं

पस्तीस लाखांतून बँकेचे २३.४६ गेले. पतसंस्थेचे २ लाख १६ हजार, घर विकून देणाऱ्या एजंटाचे ३५ हजार, ताईंचे गहाण दागिने सोडवायला एक लाख १२ हजार. हातात राहिले ७ लाख ९१ हजार. राखीव किमतीला लिलाव झाला असता तर बँकेची बाकी वजा जाता जेमतेम सहा लाख शिल्लक राहिले असते. कायद्यानं ते कर्जदारालाच मिळतात, पण त्यातूनच पतसंस्था आणि दागिने भागवावे लागले असते.

भांडवली नफ्यावर कर लागला नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्याय अजून आहे. २०१८-१९ चा निर्देशांक २८०, २०२५-२६ चा ३७६. साडेतीस लाखांचं घर त्या हिशेबानं जवळपास एकेचाळीस लाखांचं होतं, नफा उरतच नाही. कर्जाबरोबर बँकेनं विमा पॉलिसीही दिली होती. ती फक्त मृत्यूसाठी होती, काम गेल्यावर तिचा काही उपयोग नव्हता. कर्ज मुदतीआधी बंद झाल्यानं उरलेल्या काळाचा हप्ता परत मागितला, २१ हजार मिळाले. ते मागायचे असतात हे बँकेनं आपणहून सांगितलं नव्हतं.

सिबिलवर खातं ‘बंद’ दिसतं, ‘सेटल्ड’ नाही. थकबाकीचे महिने मात्र दिसत राहतील. कुटुंब आता जवळच साडेसहा हजार भाड्याच्या घरात राहतं. ताईंची मशीन पुढच्या खोलीत आहे आणि गिऱ्हाइकं तीच आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दरवाजा सप्टेंबर २०२४ चा होता. नव्वद दिवस भरायच्या आत तीन हप्त्यांतले उरलेले ५४ हजारांच्या आसपास भरले असते, तर खातं एनपीए झालं नसतं. शाखाधिकाऱ्यांनी त्या महिन्यात दोनदा बोलावलं होतं, दादा गेले नाहीत. तेव्हा घर विकायला काढलं असतं तरी गेटवर कागद नसता, आणि दोन-तीन लाख जास्त आले असते.

माझीही चूक आहे. पुनर्रचनेचं गणित मी २९ डिसेंबरलाच मांडलं होतं आणि ते बसत नव्हतं. तरी दादांच्या तोंडाकडं बघून मी बँकेच्या उत्तराची वाट बघितली आणि घर बाजारात आणायला १७ जानेवारी उजाडू दिली. निवेदन आणि विक्री दोन्ही एकाच दिवशी सुरू करता आलं असतं. विक्रीची परवानगी यायची होती, पण एजंटाला सांगायला, गुंठेवारीचा अस्सल कागद शोधायला परवानगी लागत नाही. तो कागद जानेवारीत हाताशी असता, तर एप्रिलमधले बारा दिवस वाचले असते आणि आम्ही मेच्या मध्यापर्यंत जीव मुठीत धरून बसलो नसतो.

बँकेचंही एक सांगतो. सहकर्जदार म्हणून ताईंची सही होती, मोबाईल नंबर मात्र दोन्ही रकान्यांत दादांचाच. पाच महिन्यांत बँकेचा एकही फोन ताईंना गेला नाही. मी नोकरीत असताना आम्हीही असंच करायचो. अर्जावर नवऱ्याचाच नंबर दोनदा लिहिलेला असायचा आणि कुणाला त्यात काही खटकायचं नाही.

घर ठेवता आलं असतं का, यावर दोघांचं अजून एकमत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दादांना जुन्या ओळखीतून पुन्हा जॉबवर्क मिळू लागलंय, नोकरी सांभाळून महिन्याला बारा-तेरा हजार जास्तीचे येतात. “सहा महिने थांबलो असतो तर जमलं असतं,” असं ते म्हणतात. तोवर थकलेले हप्ते तीन लाखांच्या वर गेले असते आणि लिलाव जूनमध्येच झाला असता, असं मी त्यांना सांगितलं. ताईंनी वहीत तोही हिशेब करून बघितला होता. थकबाकी बाजूला ठेवली, तर पुढचा हप्ता जेमतेम निघत होता. ते पान त्यांनी दादांना दाखवलेलं नाही.